न हसण्याची किंमत : श्रम, थट्टा आणि हौस

१

विनोदाची मीमांसा मराठीत कमी झालेली नाही. न. चिं. केळकरांचे 'सुभाषित आणि विनोद' १९०८ साली प्रसिद्ध झाले. त्याच विषयाचा विस्तार करणारा 'हास्यविनोदमीमांसा' हा त्यांचा ग्रंथ १९३७ साली आला. कोल्हटकर-गडकऱ्यांपासून चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंतच्या विनोदी लेखनाची चिकित्साही विपुल झाली आहे. या विवेचनाचा रोख प्रामुख्याने 'हसू कशामुळे येते?' या प्रश्नाकडे राहिला. विसंगती, अतिशयोक्ती, कोटी, अपेक्षाभंग ही त्याची परिचित उत्तरे होत. त्याला लागूनच असलेला 'हसावे कोणाला लागते?' हा प्रश्न मात्र नीतिशास्त्राचा म्हणून समीक्षेने बहुधा बाजूला ठेवला. प्रस्तुत लेखात हा दुसरा प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे. त्यासाठी ग्रंथातील विनोदाऐवजी कामाच्या ठिकाणी रोज घडणारी आणि रोज विरून जाणारी थट्टा, आणि तिच्या शेजारी काम सुटल्यावर हौसेने एकत्र येणाऱ्या मंडळांतील थट्टा, अशी दोन क्षेत्रे निवडली आहेत. दोन्हींचा आधार सोलापूर हे शहर आहे. यंत्रमाग, विडी, कचेऱ्या आणि हौशी मंडळे या चारही गोष्टी येथे एकाच गल्लीत नांदतात. शिवाय मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चार भाषांतून येथे थट्टा चालते.

आरंभी मराठी भाषेनेच केलेले एक वर्गीकरण लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. गंमत, थट्टा, मस्करी, फिरकी, टिंगल, टवाळी, कुचेष्टा हे शब्द आपण समानार्थी म्हणून वापरत नाही. गंमत सर्वांची मिळून असू शकते. थट्टेला दोन माणसे लागतात. टिंगलीला बघणारा तिसरा लागतो. कुचेष्टेत तर ज्याच्यावर हसायचे त्याचे माणूसपणच पणाला लावलेले असते. 'थट्टेवारी नेणे' या वाक्प्रचारातही एक सूक्ष्म सत्य दडलेले आहे. एखादी गोष्ट थट्टेची होती की गंभीर, हे ती बोलून झाल्यावरही ठरवता येते आणि ते ठरविण्याचा अधिकार बहुधा बोलणाऱ्याकडेच राहतो. 'गंमत केली हो, मनावर काय घेता?' हे वाक्य म्हणजे त्या अधिकाराचा उच्चार होय.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. यांपैकी अपहसिताच्या लक्षणांत डोळ्यांत पाणी येणे, खांदे व मस्तक हलणे यांबरोबर अस्थानी हसणे हेही येते. म्हणजे हास्याची प्रत हसणाऱ्याच्या पायरीशी बांधलेली आहे आणि खालच्या पायरीवरचे हसू जागा चुकलेले मानले गेले आहे. ही व्यवस्था नटाच्या अभिनयासाठी सांगितलेली आहे, हे खरे. पण समाजाच्या एका जुन्या समजुतीची नोंद म्हणूनही ती वाचता येते. कामाची जागा ही हसण्याची जागा नव्हे, निदान काम करणाऱ्याने हसण्याची नव्हे, ही मालकाची समजूत त्याच कुळातील आहे.

२

कामावरच्या विनोदाचे स्वरूप आधी कामाच्या स्वरूपावरून ठरते. विडी वळणारीचे हात आणि डोळे गुंतलेले असतात. कान आणि तोंड मोकळे असते. तेंदूपान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, तोंड दुमडणे, दोरा बांधणे ही क्रिया दिवसाकाठी शेकडो वेळा करावयाची असते आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. अशा कामाने मोकळ्या सोडलेल्या कानांचा उपयोग जगात अनेक ठिकाणी झाला आहे. क्यूबातील सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखविणारा वाचक बसू लागला. त्याचा मोबदला कामगार आपल्या मजुरीतून देत. केरळातील कण्णूर भागातील विडी कारखान्यांतही एकाने वर्तमानपत्र वाचावे आणि त्याच्या वाटच्या विड्या इतरांनी वळाव्यात, अशी रीत होती. जेथे वाचक नसतो तेथे गप्पा, नकला आणि टोपणनावे ही जागा भरून काढतात.

यंत्रमागाच्या कारखान्यात याच्या उलट स्थिती असते. धोट्याच्या आणि मागांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. तेथे विनोद हातवाऱ्यांचा, भुवयांचा, ओठांच्या हालचालींचा होतो. इंग्लंडमधील लँकेशायरच्या विणकरांत ओठांवरून बोलणे ओळखण्याची कला इतकी रुजली होती की पुढे तेथील विनोदी नटांनी ती रंगभूमीवर नेली. मागावरचा विनोद त्यामुळे जवळजवळ अभिनय असतो आणि त्याची कोणतीही लेखी नोंद उरत नाही.

या विनोदाने नेमके काय साधते? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांनी 'बनाना टाइम' या निबंधात (१९५९-६०) दिलेले उत्तर अजूनही विचारार्ह आहे. एका कारखान्यात साच्यांवर काम करीत असताना त्यांनी आपल्या लहानशा गटाचे निरीक्षण केले. दिवसभर एकच क्रिया करणाऱ्या त्या गटाने वेळेचे तुकडे पाडले होते. एकाने डब्यात आणलेले केळे दुसऱ्याने रोज ठरावीक वेळी पळवून खायचे, पहिल्याने रोज तक्रार करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळे आणायचे. संपता न संपणाऱ्या दिवसाला या चेष्टांनी खुणा मिळत. वेळ सहन करता येणे, हे कामावरच्या विनोदाचे पहिले कार्य म्हणता येईल.

याच निबंधात एक अंतर्विरोध आहे. केळे आणणाऱ्याला ते कधीही खायला मिळत नाही. त्याची तक्रार खेळाचा भाग आहे की खरी आहे? बाहेरून हे सांगता येत नाही, आणि आत असलेल्यांनाही ते सांगण्याची गरज पडत नाही. पुढे रॉय यांच्याच नोंदीप्रमाणे, गटातील एकाच्या सोयरिकीतल्या प्राध्यापकाच्या प्रतिष्ठेवर केलेली चेष्टा त्याच्या जिव्हारी लागली. त्याने हसणे आणि बोलणे बंद केले आणि गटातील सगळाच खेळ कित्येक दिवस थांबला. एका माणसाने न हसण्याचा निर्णय घेताच इतकी वर्षे नैसर्गिक वाटणारी गंमत किती नाजूक संमतीवर उभी होती, हे उघड झाले. केळेवाल्याने तसे कधी केले नाही. त्याला ते करता येत होते काय, हा खरा प्रश्न आहे.

३

थट्टेच्या नीतीचा सर्वसामान्य निकष परतफेडीचा आहे. तू माझी थट्टा करतोस, मी तुझी करीन, हिशेब पुरा. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली 'थट्टेचे नाते' या नावाने ज्या संबंधांचे विवेचन केले, त्यात एकाने दुसऱ्याची चेष्टा करावी आणि दुसऱ्याने ती मनास लावून घेऊ नये, असा संकेत असतो. काही ठिकाणी हा अधिकार दोघांना असतो, काही ठिकाणी एकालाच. आपल्याकडील मेहुणे-मेहुणी, दीर-भावजय, विहिणी यांची थट्टा याच जातीची. कामाच्या ठिकाणीही एक मानीव नातेगोते निर्माण होते. काका, मामा, अण्णा, अक्का ही संबोधने सोलापूरच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत सहज वापरली जातात आणि त्यांच्याबरोबर थट्टेची मुभाही येते.

परंतु परतफेडीचा निकष दोन ठिकाणी अपुरा पडतो. पहिले ठिकाण अधिकाराचे. समजा, विड्या तपासणारा माणूस एखादीच्या विड्या हातात घेऊन तिच्या बोटांवर विनोद करतो. तिनेही त्याला तितकेच खट्याळ उत्तर दिले आणि सगळे हसले. वरवर पाहता हिशेब फिटला. पण त्याच हातांनी तो तिच्या काही विड्या बाजूला काढू शकतो आणि तेवढ्या विड्यांची मजुरी बुडू शकते. तिला उत्तर देता आले, कारण त्याने ते देऊ दिले. अशा ठिकाणी तिचे हसू हेही तिच्या कामाचाच एक भाग होते. पान आणि तंबाखू यांच्या हिशेबात न धरलेला, पण रोज पुरवावा लागणारा असा हा माल आहे.

दुसरे ठिकाण भाषेचे. तेलुगूत एकवचनी क्रियापदाच्या रूपात स्त्रीचा समावेश पुरुषेतर गटात होतो; मराठीची त्रिलिंगी व्यवस्था तेलुगू घरातून आलेल्या माणसाला म्हणूनच अवघड जाते. दखनी बोलणाऱ्याचे नपुंसकलिंग चुकते. मराठी माणूस तेलुगू किंवा कन्नड बोलू लागला की तोही तितकाच अडखळतो. सोलापूरच्या गल्लीत म्हणूनच भाषेवरची थट्टा बरीचशी न्याय्य असते. आज तुझे चुकले, उद्या माझे चुकेल. कचेरीच्या खिडकीपाशी हा तोल जातो. तेथे कारभाराची भाषा एकच असते. पद्मशाली घरातली एखादी बाई आपला अर्ज समजावून सांगताना लिंगवचनात चुकते. टेबलापलीकडून तिचेच वाक्य तिच्याच स्वरात परत येते आणि शेजारची दोन टेबले हसतात. तीही हसते. टेबलापलीकडच्या माणसाला तिच्या गल्लीत जाऊन तेलुगूत अर्ज करण्याची वेळ कधीच येणार नाही. परतफेडीची तत्त्वतः असलेली शक्यता व्यवहारात कायमची बंद आहे.

येथे साहित्यविचारातील एक परिचित वाद उपयोगी पडतो. लेखकाचा हेतू हा कृतीच्या अर्थाचा अंतिम निकष नव्हे, हे विमसॅट आणि बिअर्डस्ली यांच्या १९४६ च्या निबंधापासून आपण वर्गांत शिकवीत आलो आहोत. कामाच्या ठिकाणी मात्र 'माझा तसा हेतू नव्हता' असे म्हणताच थट्टा करणाऱ्याला ग्रंथकर्त्याचे सगळे सार्वभौमत्व परत बहाल केले जाते. याच्या उलट ऐकणाऱ्याला काय वाटले तेच अंतिम, असे मानले तर कोणतीही थट्टा करणे अशक्य होईल आणि हसण्याबरोबर मैत्रीचा एक मोठा प्रांतही गमवावा लागेल. या दोन टोकांमधला मार्ग आपल्या काव्यशास्त्रात आहे. मम्मटाने आर्थी व्यंजनेची कारणे सांगताना वक्ता, बोद्धव्य, काकू, वाक्य, वाच्य, अन्यसन्निधी, प्रस्ताव, देश, काल यांची गणना केली. व्यंग्य अर्थ वक्त्याच्या मनात किंवा श्रोत्याच्या मनात एकट्याने राहत नाही. तो या सर्वांच्या संयोगात सिद्ध होतो. कामाच्या ठिकाणच्या थट्टेबाबत यांतील 'अन्यसन्निधी' आणि 'देश' हे दोन घटक निर्णायक ठरतात. तेच वाक्य दोघांत बोलले तर थट्टा असते, तिसऱ्याच्या देखत टिंगल होते. फ्रॉइडने १९०५ साली हेतुगर्भ विनोदाला तीन व्यक्ती आवश्यक मानल्या होत्या: विनोद करणारा, ज्याच्यावर तो होतो तो, आणि ज्याला त्यातून सुख मिळते तो तिसरा. कचेरीतली शेजारची दोन टेबले हा तो तिसरा आहे, आणि नैतिक जबाबदारीचा बराच वाटा त्याच्याकडे जातो.

यावरून परतफेडीपेक्षा अधिक नेमका निकष मांडता येतो: ज्याची थट्टा झाली त्याला न हसण्याचे स्वातंत्र्य आहे काय? यावर एक रास्त आक्षेप येईल. हाताखालच्या माणसाच्या विनोदावर साहेब हसत नाही, तेव्हा तोही हेच स्वातंत्र्य वापरतो. आणि त्याचे ते न हसणे एखाद्या फटकाऱ्यासारखे असते. म्हणून निकष आणखी एक पाऊल पुढे न्यावा लागतो. न हसण्याची किंमत काय, आणि ती कोणाला मोजावी लागते, हे पाहिले पाहिजे. साहेबाला ती शून्य पडते. तपासनिसासमोरच्या बाईला ती मजुरीत मोजावी लागते. खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईला आणखी एका हेलपाट्यात मोजावी लागते. ही किंमत जितकी विषम, तितकी थट्टा अन्यायाकडे झुकते. कायद्याने या विचाराचा एक मर्यादित भाग मान्य केला आहे. १९९७ च्या विशाखा निर्णयात आणि त्यानंतर २०१३ च्या अधिनियमात कामाच्या ठिकाणचा लैंगिक शेरा हा छळ ठरतो तो 'नकोसा' असल्यामुळे. म्हणजे व्याख्या ऐकणारीच्या बाजूने केलेली आहे. जात, भाषा, शरीर, दारिद्र्य यांवरच्या दैनंदिन थट्टेचा मोठा प्रदेश मात्र कायद्याच्या हाती सहसा लागत नाही, आणि तो सगळा लागावा असेही म्हणता येणार नाही. तो नीतीचाच प्रदेश आहे.

४

आता दुसऱ्या क्षेत्राकडे वळू. 'हौस' या शब्दाला मराठीत एक स्वतंत्र मूल्य आहे. पोटासाठी जे करावे लागत नाही आणि तरीही ज्यासाठी झीज सोसली जाते, ती हौस. १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने आणि १९५३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी महाराष्ट्रातील लहान-मोठ्या शहरांत हौशी रंगकर्मींचे एक विस्तृत जग घडविले. सोलापूर हे त्यातील एक जिवंत केंद्र. येथील 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेतून अतुल कुलकर्णी यांच्यासारखा नट पुढे व्यावसायिक क्षेत्रात गेला. पण हौशी मंडळाचे मर्म अशा अपवादांत नाही. दिवसा बँकेत, शाळेत, कारखान्यात असणारी आणि आयुष्यभर हौशीच राहणारी माणसे हे ते मर्म होय. गणेशोत्सवाआधी रस्त्यारस्त्यांवर लेझीमचा सराव करणाऱ्या पथकांबद्दलही हेच म्हणता येईल.

'तालीम' हा शब्द मराठीत कुस्तीच्या आखाड्यालाही लागतो आणि नाटकाच्या सरावालाही. दोन्हीकडे माणूस स्वतःहून दुसऱ्याच्या हाती आपले शरीर आणि आपली वाणी सोपवितो. वर उल्लेखिलेल्या तेलुगू घरातील तरुणाने प्रमाण मराठीतील भूमिका घेतली, तर तालमीत त्याचे उच्चार हेच थट्टेचे लक्ष्य होतील. दिग्दर्शक त्याचे वाक्य त्याच्याच स्वरात त्याला परत ऐकवील. वाच्यार्थ कचेरीतलाच, काकूही तीच. देश आणि प्रस्ताव मात्र बदलले. कचेरीत ती नक्कल त्याला 'तू येथला नाहीस' असे सांगते. तालमीत ती 'हे वाक्य तुझे व्हायचे आहे' असे सांगते. शिवाय त्याला राग आला तर तो उठून जाऊ शकतो. त्याची भाकर तेथे अडकलेली नाही. न हसण्याची किंमत येथे कमी आहे, म्हणून हसण्याला मोल आहे.

हे चित्र तरीही जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. हौशी मंडळातही उस्ताद, जुने-नवे, प्रमुख भूमिका आणि पडद्यामागची कामे अशी उतरंड तयार होतेच. दिवसा कचेरीत अपमान गिळणारा माणूस संध्याकाळी तालमीत नवख्याची टिंगल करून त्याचे उट्टे काढतो, हेही मानवी आहे. ज्याला दिवसभरात दुसरीकडे कोठेच किंमत नाही, त्याला मंडळ सोडण्याची किंमत भाकरीइतकीच जड वाटू शकते. मंडळातील थट्टा म्हणून आपोआप निष्पाप ठरत नाही. मंडळ केवळ एक शक्यता देते, आणि ती जपावी लागते.

याहून गंभीर मर्यादा हौसेच्या वाटपाची आहे. हौस करण्यासाठी संध्याकाळ लागते. विडी वळणाऱ्या बाईला ती नसते. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानंतर देशभर अनेक उत्पादकांनी कारखान्यातले काम घरांकडे वळविले, आणि पाने-तंबाखू घरी नेऊन विड्या वळण्याची रीत सोलापुरातही रूढ आहे. घरी वळलेल्या विडीला दिवस-रात्रीची शीव नसते. स्वयंपाक, पाणी, मुले आणि सूप यांतून जी संध्याकाळ उरतच नाही, तिच्यात तालीम कशी बसणार? या बायकांसाठी एकत्र बसून काम करण्याची जागा हेच मंडळ होऊ शकत होते. तेथे थट्टेत क्रौर्यही असेल, पण मुकादमाच्या पाठीमागे त्याची नक्कल करण्याची सोयही तेथेच होती. जेम्स स्कॉट यांनी १९९० साली ज्याला सत्तेच्या पाठीमागचा दडलेला संवाद म्हटले, त्याला किमान दोन माणसे आणि एक आडोसा लागतो. एकट्याने नक्कल करता येत नाही. काम घरी गेले तेव्हा भाडे, वीज, जागा यांचा भार कामकरणीवर पडला, याची चर्चा झाली आहे. बरोबर हसणाऱ्या शेजारणीही गेल्या, हे कोणत्याही मजुरीच्या हिशेबात येत नाही. बर्गसनने १९०० साली म्हटले होते की हास्याला नेहमी समूहाचा प्रतिध्वनी हवा असतो. प्रतिध्वनीसाठी भिंती लागतात, आणि त्या भिंती कोणाच्या मालकीच्या आहेत हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. त्यानंतरच्या रे नगर प्रकल्पातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. स्वतःचे घर मिळणे ही या स्त्रियांच्या दीर्घ लढ्याची मोठी फलश्रुती आहे, यात शंका नाही. पण तेच घर कारखानाही आहे. वसाहतीच्या ओट्यावर चार जणी सूप घेऊन एकत्र बसतात तेव्हा त्या मालकाने मोडलेली एक संस्था आपल्या खर्चाने पुन्हा उभारीत असतात.

५

या विवेचनाचा मराठी विनोदी साहित्याच्या वाचनाशी काय संबंध पोहोचतो, हे शेवटी पाहिले पाहिजे. आधुनिक मराठी विनोदाचा 'मी' हा बराचसा कारकुनी आहे. 'असा मी असामी'चा नायक धोंडो भिकाजी जोशी हा त्याचा परमोत्कर्ष. तो स्वतःवर हसतो, हे त्याचे मोठेपण आहे आणि आपल्या अभिरुचीने ते यथार्थपणे गौरविले आहे. पण स्वतःवर हसणे ही देखील एक ऐपत असते. आपल्या फजितीची गोष्ट सांगितल्याने ज्याची प्रतिष्ठा वाढते, तोच ती सहज सांगू शकतो. कारकुनाच्या खालचे जग, म्हणजे शिपाई, मोलकरीण, परभाषी दुकानदार, गिरणीतला माणूस, हे या विनोदात पुष्कळदा तृतीय पुरुषात येते. त्याच्या बोलीवर, उच्चारावर आणि अडाणीपणावर आपण हसतो. उलट श्रमिकांच्या जगातून आलेले आपले मोठे लेखन आपण बहुतांशी वेदना आणि विद्रोह या दोन संज्ञांखाली वाचले. अण्णा भाऊ साठे यांच्या लोकनाट्यांतील हसू आपल्याला प्रबोधनाचे साधन म्हणून दिसले. ते स्वतंत्र ज्ञान म्हणून क्वचितच तपासले गेले. म्हणजे भरताच्या श्रेणीची सावली आपल्या समीक्षेवरही पडलेली आहे.

म्हणून विनोदी कृतीला एक साधा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. या कृतीत जो हसण्याचा विषय आहे, तो न हसता उभा राहिला तर कृतीचे काय होईल? काही कृती त्याच्या त्या गंभीर चेहऱ्याला सामावून घेतात आणि अधिक खोल होतात. काही कृती त्या क्षणी कोसळतात. वर्गातही हाच प्रश्न विचारता येतो, कारण वर्ग हेही कामाचे ठिकाण आहे आणि अध्यापकाच्या विनोदावर विद्यार्थी हसतात ते नेहमी विनोदासाठीच असे नाही. सोलापूरच्या महाविद्यालयांत मराठी घेऊन बसलेल्या मुलांच्या घरी पुष्कळदा तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलली जाते. त्यांच्यापैकी एखादा वाचताना चुकला आणि वर्ग हसला, तर अध्यापकाने त्या वेळी पुस्तकातून डोके वर काढून पाहावे. हसणाऱ्यांत तो मुलगाही आहे काय, आणि नसेल तर त्याला ते परवडते आहे काय, एवढे तरी त्याला दिसायला हवे.